बद्द वाजणारं खापर

मित्रांनो, मी एक जुनं खापर आहे. ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा खुशाल. लोकांना आमची आठवण होते ती फक्त आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारताना. मग म्हणतात, अमक्यानं तमक्याच्या डोक्यावर खापर फोडलं. माझ्या डोक्यावर मात्र सोळा वर्षं पुरणाच्या पोळ्या भाजल्या गेल्या आणि त्यातली एकही मी करपू दिली नाही. याला कुणी गर्व म्हणेल तर म्हणो. सारा जन्म चुलीपाशी बायकांच्या गराड्यात गेला, म्हणून माझं बोलणंही बायकांसारखंच आहे. तिखट लागलं तर वर पाणी प्या.

ज्यांनी मला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मी मातीची, पसरट, मोठ्या परातीएवढी. चुलीवर मला उताणं नाही, पालथं ठेवतात. खाली कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ, वर माझी गरम पाठ. आमच्या खानदेशात पुरणपोळी लाटण्यानं मोठी करत नाहीत. ती दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवतात, कोपरापर्यंत आली की अलगद माझ्या पाठीवर सोडतात. तलम इतकी की पलीकडचा माणूस दिसावा. हे काम येऱ्यागबाळ्याचं नाही, ना करणारीचं ना भाजणारीचं.

माझा जन्म शिंदखेड्याजवळच्या एका कुंभारवाड्यात झाला. बेबाबाई नावाच्या कुंभारणीनं मला थापलं, चोपणीनं चोपलं, सावलीत वाळवलं, भट्टीत भाजलं. एकोणऐंशी साली तिनं मला बाजारात नेलं. त्या दिवशी वाटेत अवकाळी सर आली आणि गाडीतली आम्ही सगळी भिजलो.

बाजारात वच्छलाबाई आल्या. नरडाण्याजवळच्या एका गावात त्यांची शेती. वयानं पन्नाशीच्या, अंगानं काटक, जिभेनं कातर. शाळेच्या दोन इयत्ता झालेल्या, पण गावात लग्न असो की आखाजीचा सण, खापराच्या पोळ्यांना बोलावणं त्यांनाच. त्यांनी बोटाचं पेर वाकवून माझ्या शेजारच्या खापरावर टकटक केलं. खणखण आवाज आला. मग माझ्यावर केलं. बद्द!

"हाई तडकेल शे," म्हणाल्या आणि मला बाजूला सारलं.

बेबाबाई हसली. "अक्का, ते तडकेल नही, वलं शे. पानीमा भिजनं. वल्या भांडाले वाजाडीसन काय समजस? आवाज नका दखू, आच दखा."

"नही निघनं तर तुन्या दारशी आनीसन फोडसू, ध्यानमा ठेव!"

"फोडा अक्का. पन पहिले तपाडा."

वच्छलाबाईंनी दोन्ही खापरं नेली. खणखण वाजणारं दोन महिन्यांत तिसऱ्या जाळाला मधोमध उललं. मी टिकले. मला आच हळू चढते, पण एकदा चढली की साऱ्या पाठीवर सारखी पसरते आणि पोळी एका अंगानं कच्ची राहत नाही. आवाज मात्र वाळल्यावरही माझा कधीच खणखणीत झाला नाही. वच्छलाबाईंना याचं काही वाटेनासं झालं. हळूहळू बेबाबाईचं बोलणंही त्या विसरल्या. माणसाचं असंच असतं. भांडं कामाला आलं की भांडं देणारीचा शब्द कोनाड्यात जातो.

ब्याऐंशी साली त्यांच्या छगनचं लग्न झालं आणि शिरपूरकडची पुष्पा सून म्हणून घरात आली. एकोणीस वर्षांची, सडसडीत, कमी बोलणारी. हात हळदीनं पिवळे असतानाच तिला सासूनं चुलीपाशी बसवलं, बहुतेक फजिती बघायलाच. पहिली पोळी फाटली. दुसरी वेडीवाकडी झाली. तिसरी तिनं हातांवर अशी झेलली की माझ्या पाठीवर पडताना चुरकन आवाजसुद्धा झाला नाही. वच्छलाबाईंनी तोंडानं शाबासकी दिली नाही. ती त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांनी आपल्या बुडाखालचा पाट काढून सुनेकडे सरकवला. त्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही.

मित्रांनो, पुष्पाचे कान म्हणजे नवल होतं. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. कानबाई देवीची गाणी गावातल्या म्हाताऱ्या अडखळत म्हणायच्या आणि मधली ओळ ही नवी सून पुरवायची. पण घरात कुणाचं पत्र आलं की ती हात पिठात घालायची. "माझे हात भरले आहेत, तुम्हीच वाचा."

नववीपर्यंत शिकलेली मुलगी पत्र का वाचत नाही, हे कुणी विचारलं नाही. मला तेवढं माहीत होतं. दुपारी घर रिकामं झालं की ती वर्तमानपत्राचा कपटा घेऊन माझ्यासमोर बसे आणि ओठ हलवत एकेका अक्षरावर थांबे. अक्षरं तिला स्थिर दिसत नसत. ती स्वतःशीच पुटपुटायची, "पोळीवरच्या फुग्यासारखी नुसती सरकतात ही." शाळेत गुरुजी तिला पालथा घडा म्हणायचे, हेही तिनं मलाच सांगितलं. मला राग आला. पालथ्या घड्यावर म्हणे पाणी टिकत नाही. अरे, मी जन्मभर पालथीच राहिले आणि साऱ्या गावाचं तोंड गोड केलं! पाणी नाही टिकलं तर पोळी भाजून बघा ना. पण एवढा विचार करायला गुरुजींना वेळ कुठला? त्यांनी छडी उचलली.

पुढे गावात अंगणवाडी सुरू झाली. कमलबाई तिथल्या सेविका आणि पुष्पा मदतनीस. खिचडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची, गाणी म्हणायची. मुलं कमलबाईंना भ्यायची आणि पुष्पाच्या पदराला लोंबकळायची. त्र्याण्णव साली कमलबाई चुलीपाशी येऊन बसल्या.

"पुष्पा, माझ्या मालकांची बदली जळगावला होते आहे. दोनेक वर्षांनी मीही जाईन. तू दहावी काढ. दहावी झालेली असलीस तर या जागेवर तुझं नाव लागेल. नाही तर बाहेरची कुणी येईल."

पुष्पानं एवढंच विचारलं, "बाहेरची आली तर ती मुलांना मारील का?"

"ते मी कसं सांगू बाई?"

त्या दिवसापासून पुष्पाच्या पोटात एकच आच लागली. तिनं बाहेरून परीक्षेला बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म भरला. कमलबाईंनी आपली जुनी पुस्तकं दिली. संध्याकाळी ती भाकरी टाकायची आणि छगन उंबऱ्यावर बसून धडे मोठ्यानं वाचायचा. वाचता वाचता तोच वैतागायचा. "हाऊ धडा तर आते मालेच पाठ व्हई गया! तुले कितला डाव वाची दखाडू?"

"अजून एकदाच," पुष्पा म्हणायची. तो एकदा वाचायचा आणि तिला धडा जन्मभरासाठी पाठ व्हायचा.

वच्छलाबाईंनी तर गावभर दवंडीच पिटली. विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर, जिथे जातील तिथे, "मनी सून मॅट्रिक व्हनार शे!" मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. गणित सुटलं, बाकी सगळे विषय गेले.

शेजारची ताईबाई याच क्षणाची वाट पाहत होती. कुडावरून मान काढून म्हणाली, "काय वं वच्छलामाय, सूनना निकाल खापरवर करपना का?"

वच्छलाबाई तिच्याकडे पाठ करून घरात आल्या, पुष्पासमोर उभ्या राहिल्या आणि वाकवलेलं पेर तिच्या कपाळावर दोनदा मारलं. टक, टक.

"हात सोनाना शेतस. कान बी शेतस. पन मडकं बद्द शे तुनं. बस आते घरमा."

पुष्पानं पोळी हातावर घेतली आणि त्या पहिल्या दिवसानंतर बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर पडण्याआधीच फाटली. गरम पुरण तिच्या मनगटावर सांडलं. तिनं हात झटकलासुद्धा नाही.

पण वच्छलाबाई नुसत्या तोडून बोलणाऱ्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. चार दिवसांनी त्याच सुनेला घेऊन डोळ्यांच्या शिबिराला गेल्या. "इले अक्षरं हालतांना दखातस," म्हणून डॉक्टरांशी तासभर भांडल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. त्यांचा विश्वास बसेना. घरी आल्यावर त्यांनी आपल्या थोरल्या दिराचा, चुडामण आबांचा चष्मा मागून आणला आणि पुष्पाच्या नाकावर चढवला. चष्मा लावून पुष्पा चुलीशी बसली तेव्हा तिला मी दोन दिसले आणि तिनं पोळी त्या दुसऱ्या खापरावर, म्हणजे राखेत टाकली. त्या दिवशी सासू-सुना दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लागले. पुष्पाचा पदर मात्र हसू थांबल्यावरही बराच वेळ डोळ्यांनाच होता.

शेवटी कमलबाईंनीच सुचवलं. धुळ्याला, देवपुरात, मोठ्या बायकांसाठी रविवारचा वर्ग चाले. लताबाई नावाच्या बाई शिकवायच्या. पुष्पा दर रविवारी एसटीनं जाऊ लागली. वच्छलाबाई म्हणाल्या, "जाय. पन गावमा कोनले सांगू नको." त्या वर्गात काय काय झालं ते पुष्पा मला संध्याकाळी शब्दाला शब्द सांगायची.

एका रविवारी लताबाईंनी तिला उठवलं. "पुष्पाबाई, पान बावीस. वाचा."

पुष्पानं पुस्तक समोर धरलं आणि खणखणीत आवाजात धडा सुरू केला. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग सारा वर्गच हसायला लागला. झालं असं होतं की लताबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना नवी पुस्तकं वाटली होती आणि नव्या पुस्तकात बाविसाव्या पानावर तो धडाच नव्हता. जुना धडा काढून तिथं दुसराच घातला होता. पुष्पा समोर नसलेला धडा वाचत होती, एकही चूक न करता.

सगळ्या हसल्या. लताबाई हसल्या नाहीत. वर्ग सुटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरी मी कधी येऊ?"

दिवाळीच्या सुटीत त्या आल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी. पाव्हणी आली म्हणजे खापर चुलीवर चढायचंच. त्या माझ्यासमोर पाटावर बसून पुष्पाचे हात बघत राहिल्या. मग पिशवीतून एक कागद काढून त्यांनी त्यावरचा मजकूर एकदा वाचला. पुष्पानं पोळी झेलता झेलता तो पहिल्यापासून शेवटपर्यंत परत म्हणून दाखवला. लताबाईंनी तोच कागद तिच्यापुढे धरला आणि चौथ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा शब्द कोणता?"

पुष्पाचे हात थांबले. पोळी वाळू लागली. ती म्हणाली, "बाई, पहिल्या ओळीपासून म्हणू दिलं तर येईल. मधूनच नाही येणार. मधलं मला दिसत नाही. हलतं."

हे वाक्य तिनं आजवर माझ्याशिवाय कुणालाच इतकं उघड सांगितलं नव्हतं.

लताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुष्पाबाई, माझ्या भाच्याचं असंच होतं. हुशार पोरगा, पण वाचायला बसला की घामाघूम. पुण्याला तपासलं तेव्हा कळलं. याला वाचन-अक्षमता म्हणतात. बुद्धीचा यात काही दोष नाही. अक्षर डोळ्यातून मेंदूत जाताना वाट चुकतं, एवढंच. जळगावला माझ्या ओळखीच्या एक बाई हे तपासतात. मनाच्या डॉक्टरांकडे काम करतात त्या."

"मनना डॉक्टर?" वच्छलाबाई दारातून कडाडल्या. "म्हंजे येडासना? बाई, मनी सून येडी शे का? तुमी जेवा आनि उठा!"

लताबाई उठल्या नाहीत. शांतपणे पोळीचा तुकडा दुधात बुडवत म्हणाल्या, "अक्का, वेडी असती तर एवढा कागद एकदा ऐकून म्हणाली असती का? तुम्हाला येईल का?"

वच्छलाबाईंना आयुष्यात असा प्रश्न कुणी केला नव्हता. त्या आत गेल्या आणि त्यांनी दळणाचं सूप जोरजोरात आपटलं. पण जाताना लताबाईंच्या पिशवीत चार पोळ्या बांधून दिल्या, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं.

मार्गशीर्षात त्या स्वतःच पुष्पाला घेऊन जळगावला गेल्या. ताईबाईनं विचारलंच, "सासू-सुना कोठे निंघनात?"

"भरीतना वांगा लेवाले."

"इतली दूर?"

"तुले नही समजाव. तुना भरीतले चव कोठे शे!"

संध्याकाळी दोघी परत आल्या त्या खरोखरच वांग्यांची पिशवी घेऊन. हिरवी, लांबट, जळगावची वांगी. वच्छलाबाईंनी ताईबाईच्या अंगणावरून ती मुद्दाम मिरवत आणली. घरात आल्यावर पुष्पानं चूल पेटवली, वांगी निखाऱ्यांवर ठेवली आणि बोलायला लागली. जळगावच्या बाईंनी तिच्याकडून तीन तास काय काय करून घेतलं, कोणती चित्रं जुळवली, कोणते आकडे उलट म्हणायला लावले, सगळं. शेवटी त्या बाई म्हणाल्या होत्या, तुमची बुद्धी चांगली आहे, स्मरण तर फारच चांगलं आहे, आणि तुम्हाला वाचन-अक्षमता आहे. ती जाणार नाही. पण तिच्याबरोबर शिकता येतं.

मला वाटलं होतं, पुष्पा आनंदेल. ती रागावली. तिला रागावलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"माय, मी एकतीस वर्षांची झाले. चोवीस वर्षं मी मला ढ समजत आले. गुरुजींनी छड्या मारल्या, मी म्हटलं, बरोबर आहे, मी ढच आहे. बाप म्हणाला, शाळा पुरे, मी म्हटलं, बरोबर आहे. तुम्ही कपाळावर टकटक केलंत, तेव्हाही मी म्हटलं, बरोबर आहे. आणि आज ती बाई म्हणते, तुमचा काही दोष नव्हता. मग त्या छड्या कुणाच्या होत्या हो? मी कुणाकडे परत देऊ त्या?"

वांग्याची साल चटचट फुटत होती. वच्छलाबाईंनी भिंतीशी टेकवलेल्या मला ओढून जवळ घेतलं आणि पेर वाकवून माझ्यावर मारलं. बद्द.

"दख," त्या म्हणाल्या, "हाई आजबी असंच वाजस. बेबाबाई माले सांगे, अक्का, आवाज नका दखू, आच दखा. मी ते खापरपुरतं आयकं, आनि घरमाना मानुसले वाजाडत बसनू." त्यांचा आवाज खाली आला. "ती कुंभारीन शानी. मी येडी."

मित्रांनो, वच्छलाबाईंनी जन्मात कुणाची माफी मागितली असेल तर ती एवढीच. पुष्पानं भाजलेलं वांगं सोललं आणि पहिला घास सासूच्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून घरात अजब शाळा भरली. जळगावच्या बाईंनी सांगितलं होतं, अक्षर नुसतं बघू नका, बोटानं गिरवा, गिरवताना मोठ्यानं म्हणा. ते ऐकून वच्छलाबाई म्हणाल्या, यात नवं काय? त्यांच्या लहानपणी पाटीआधी धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि त्यात बोटानं अक्षर काढायचं. त्यांच्या दोन इयत्ता धुळीतच झाल्या होत्या. त्यांनी परातीत वस्त्रगाळ पीठ पसरलं आणि सुनेचं बोट धरून त्यात फिरवलं. जे बोट पोळीचा काठ न बघता ओळखत होतं, त्याला अक्षराचं वळणही हळूहळू ओळखता आलं. डोळा चुकला तरी हात चुकेना. लताबाईंनी आणखी एक युक्ती दिली. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एका ओळीएवढी खिडकी कापायची आणि ती पुस्तकावर ठेवून एकच ओळ बघायची. बाकीची अक्षरं झाकली की त्यांची पळापळ थांबते. छगननं आपल्याच लग्नाची पत्रिका शोधून दिली. "हाई इतला वरीसमा आज कामले उनी," म्हणाला.

लताबाईंनी लेखनिक मिळावा म्हणून अर्ज केला होता. उत्तर वेळेत आलं नाही. पुष्पानं मार्चमध्ये स्वतःच्या हातानं पेपर लिहिले. पत्रिकेची ती खिडकी प्रश्नपत्रिकेवर ठेवून, एकेक ओळ सरकवत. एकही पेपर पूर्ण सोडवून झाला नाही. जेवढं लिहिलं तेवढं तिचं होतं. जूनमध्ये निकाल लागला. मराठीत अडतीस, इंग्रजीत पस्तीस, गणितात आधीचेच एकाहत्तर. पास.

ताईबाई कुडावर आलीच. "पास व्हयनी म्हने?"

"व्हयनी," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुले बसनं शे का परीक्षाले? मनी सून शिकाडी."

पण गोष्ट इथे संपत नाही. कमलबाईंच्या जागेसाठी शिंदखेड्याहून साहेब आले. दोन उमेदवार होत्या, पुष्पा आणि दुसऱ्या गावची एक भराभर बोलणारी मुलगी. अंगणवाडीतच मुलाखत होती. वच्छलाबाई दाराशी जाऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि उठवण्याची कुणाची छाती नव्हती.

साहेबांनी भिंतीवरचा पोषण आहाराचा तक्ता काढून पुष्पापुढे धरला. "बाई, एवढं वाचून दाखवा."

मित्रांनो, तो तक्ता सात वर्षं त्या भिंतीवर होता. कमलबाई दर महिन्याला आयांना तो मोठ्यानं वाचून दाखवायच्या. पुष्पाला तो झोपेतही म्हणता आला असता. तोंड उघडायचं, घडाघडा म्हणायचं आणि नोकरी घ्यायची! तिनं श्वास घेतला. पहिला शब्द ओठावर आला. आणि तिनं तक्ता खाली ठेवला.

"साहेब, हा मला पाठ आहे. दुसरं काहीतरी द्या."

साहेबांनी पिशवीतून त्याच आठवड्याचं एक नवं परिपत्रक काढलं. पुष्पानं कमरेची पिशवी सोडली, ती लग्नपत्रिकेची खिडकी काढली आणि कागदावर ठेवली. बोट खाली धरलं आणि वाचू लागली. हळू. फार हळू. एका शब्दावर अडली, परत मागे गेली, तो सोडवला, पुढे गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, तुम्हाला वाचता येतं की नाही?"

"येतं साहेब. हळू येतं. मला वाचन-अक्षमता आहे. जळगावला तपासलं आहे, कागद दाखवते. अक्षरं माझ्यापुढे हलतात. पण मी त्यांना गाठते."

इतक्या लोकांसमोर तो शब्द तिनं प्रथमच उच्चारला.

"इतकं हळू वाचणारी बाई मुलांना काय शिकवणार?"

"ते मी आत्ता कसं सांगू साहेब? पण हळू शिकणाऱ्या मुलाला मी मारणार नाही, एवढं नक्की."

दाराशी वच्छलाबाईंना राहवलं नाही. "साहेब, आवाज नका दखू. आच दखा!"

साहेबांना काही कळलं नाही. पण त्यांनी परिपत्रक परत मागितलं नाही. म्हणाले, "पूर्ण करा. मी थांबतो." आणि ते खरंच थांबले. जुलैच्या शेवटी पुष्पाच्या नावाचा कागद आला. तो तिनं स्वतः वाचला, खिडकी ठेवून, अंगणात, मोठ्यानं. कुडापलीकडे ताईबाई असताना.

माझं पुढे काय झालं म्हणता? त्याच वर्षी घरात गॅसची शेगडी आली. गॅसवर मी बसेना. मला शेवग्याखाली नेऊन ठेवलं. कोंबड्यांनी माझ्या पाठीवर चोची घासल्या, एका कुत्र्यानं माझी बैठक केली. एका थंडीत मला काठापासून बोटभर चीर गेली. सोळा वर्षं पाठ भाजून घेतली त्याचं हे फळ, असं मनाशी म्हणत मी पडून होते. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं होतं ते.

मग एक दिवस पुष्पा आली. आता सगळे तिला पुष्पाबाई म्हणतात. तिनं मला धुतलं, चिरेत चुना भरला आणि डोक्यावर घेऊन अंगणवाडीत नेलं. तिथे तिनं मला उताणं ठेवलं, जन्मात पहिल्यांदा. माझ्यात पांझरा नदीची चाळलेली बारीक वाळू भरली. आता मुलं माझ्याभोवती बसतात आणि वाळूत बोटं फिरवतात. रेघ, गोल, चंद्रकोर. शाळा सुटल्यावर तिसरी-चौथीतली मुलंही येतात, ज्यांना कुणीतरी पालथा घडा म्हटलेलं असतं. पुष्पाबाई त्यांचं बोट हातात धरते, वाळूत अक्षर काढते आणि म्हणते, "घाई नाही. वळण हाताला कळू दे." कितीतरी इवल्या बोटांच्या गुदगुल्या मी रोज सोसते. पोळीची आच मला हवीहवीशी वाटायची, पण ही उबही वाईट नाही.

मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. घरातलं भांडं जपा, चीर गेली तरी लगेच उकिरड्यावर टाकू नका. आणि शेजारच्या बाकावरचं पोर अडखळलं तर हसू नका. ते तडकलेलं आहे की नुसतं ओलं, हे तुम्हाला एका टकटकीत कळणार नाही. मला विकत घेणारीलाही ते चुलीवर तापवल्यावरच कळलं.

वच्छलाबाई आता काठी घेऊन चालतात. दर आठवड्याला अंगणवाडीत येतात, मुलांना दोन शिव्या आणि दोन गूळ-शेंगदाणे देतात. मग माझ्यापाशी वाकून माझ्या काठावर पेर मारतात. बद्द.

"आजबी तसंच वाजस, मेलं," म्हणतात, आणि शेजारी बसलेल्या पोरीचं बोट धरून माझ्या वाळूत ठेवतात.